बेंडिगोतील जुने घर आणि फाटकावरची पाटी: कोणते साल लिहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो शहराच्या लाँग गली भागात आपण लाकडी फळ्यांचे जुने घर घेतले. दलालाने ते ‘१८६० च्या सुमाराचे’ म्हणून विकले, पण मालकीच्या कागदांत ही जमीन सरकारकडून पहिल्यांदा खासगी मालकाकडे गेल्याचे साल १९११ दिसते. परसात विटांचा एक गोल काठ आहे, वाफे करताना निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे निघतात आणि शेजारच्या आजोबांच्या मते येथे पूर्वी चिनी लोक राहत. आता फाटकावर घराच्या इतिहासाची छोटी पाटी लावायची आहे, तर तीवर कोणते साल घालावे आणि चिनी वस्तीचा उल्लेख करावा की नाही, हे आपल्याला हवे आहे.

गेली सोळा वर्षे मी व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या पट्ट्यातील जुन्या घरांची ऐतिहासिक टिपणे तयार करण्याचे काम करते, आणि हाच पेच वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सतत येत असतो. माझ्या मते आपली खरी अडचण दोन सालांपैकी एक निवडण्याची नाही. जमिनीचा कागद, उभी असलेली इमारत आणि त्या जागी राहून गेलेली माणसे यांचे तीन स्वतंत्र इतिहास आहेत आणि ते आपण एकाच सालात बसवू पाहत आहात. महाराष्ट्रात सातबारा आणि त्यामागचे फेरफार पाहत मागे जाण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे जमिनीचा कागद म्हणजेच जागेचा इतिहास असे मनात पक्के बसलेले असते. बेंडिगोत या सवयीने हमखास फसगत होते.

त्याचे कारण या गावाच्या जन्मात आहे. १८५१ मध्ये रेव्हन्सवूड नावाच्या मेंढीपालनाच्या विस्तीर्ण रानात, बेंडिगो ओढ्याच्या काठी सोने सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत हजारो माणसे तंबू घेऊन येथे उतरली. जमीन सरकारी होती, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या नावावर होती; खोदण्यासाठी महिना तीस शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे आणि त्याविरुद्ध १८५३ मध्ये येथील खाणकऱ्यांनी टोपीला लाल फीत बांधून मोठे आंदोलन केले. पुढच्या वर्षी बॅलरॅट या दुसऱ्या सोन्याच्या गावी, युरेका येथे, खाणकरी आणि सरकारी सैन्य यांच्यात रक्तपात झाला आणि १८५५ मध्ये मासिक परवाना जाऊन ‘मायनर्स राइट’ आला, ज्याची फी वर्षाला एक पौंड होती. आपल्या घरासाठी हा कागद महत्त्वाचा आहे, कारण तो ज्याच्याजवळ असे त्याला सोने खणण्याबरोबरच सरकारी जमिनीवर ठरावीक मापाची जागा राहण्यासाठी धरता येत असे. या जागेला ‘रेसिडेन्स एरिया’ म्हणत. तिची नोंद खाण निबंधकाकडे होई, तीवर घर बांधता येई आणि ते घर दुसऱ्याला विकताही येई. जमीन मात्र सरकारचीच राही. लाँग गली, आयर्नबार्क, ईगलहॉक या भागांत अशा जागांवर कुटुंबे दोन-दोन पिढ्या राहिली आणि पुढे सवड झाल्यावर, किंवा वारसांना कर्जासाठी तारण लागल्यावर, त्यांनी ती जमीन सरकारकडून रीतसर विकत घेतली.

त्यामुळे १९११ हे साल आपल्या दलालाला खोटे पाडत नाही आणि खरेही ठरवत नाही. ते फक्त जमीन विकत घेतल्याचे साल आहे. व्हिक्टोरियात १८६२ पासून टोरेन्स पद्धतीची, म्हणजे सरकारी नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा मानणारी, मालकी नोंद सुरू झाली आणि आपल्याला मिळालेला उतारा त्या पद्धतीचा आहे. सरकारने जमीन दिली त्या दिवसाच्या मागे तो जाऊच शकत नाही. त्या पहिल्या सरकारी दस्तावर, ज्याला क्राउन ग्रँट म्हणतात, नाव कोणाचे आहे हे मात्र आपण लिहिलेले नाही. आपल्याजवळच्या सगळ्या कागदांत मला तेच नाव सर्वांत मोलाचे वाटते, कारण येथून पुढे जमीन सोडून माणसाच्या मागे जायचे आहे.

त्यासाठी पहिली जागा म्हणजे घरपट्टीच्या वह्या, ज्यांना येथे रेट बुक म्हणतात. बेंडिगोच्या वह्या १८५६ पासूनच्या आहेत आणि शहराच्या ग्रंथालयाच्या इमारतीतील प्रादेशिक अभिलेख केंद्रात त्या पाहता येतात. वहीत दर वर्षी घरात राहणाऱ्याचे नाव, मालकाचे नाव, बांधकामाचे एक-दोन शब्दांत वर्णन आणि वार्षिक भाडेमूल्याचा अंदाज असतो. सुरुवात नेहमी अलीकडच्या टोकाकडून करावी. आपण १९११ ची वही उघडा, ग्रँटवरचे नाव शोधा आणि एकेक वर्ष मागे जा. जुन्या वह्यांत घरांना क्रमांक नसतात, त्यामुळे पट्टी वसूल करणारा माणूस ज्या क्रमाने रस्त्याने चालत गेला तो क्रम आपल्याला धरावा लागतो. आपल्या माणसाच्या वरची दोन आणि खालची दोन नावे टिपून ठेवावीत. एखाद्या वर्षी आपले नाव गायब झाले आणि शेजारी तेच राहिले, तर मधे जे नवे नाव दिसते तो आधीचा रहिवासी असण्याची शक्यता मोठी असते. वर्णनात ‘झोपडी’ जाऊन ‘घर’ आले, किंवा भाडेमूल्य एका वर्षात अचानक दीडपट-दुप्पट झाले आणि शेजाऱ्यांचे तसेच राहिले, तर त्या वर्षी बांधकाम झाले असे मानायला आधार मिळतो. सगळ्या रस्त्याचेच मूल्य वाढले असेल तर ती फक्त आकारणीतली वाढ असते आणि तीवरून काहीही सिद्ध होत नाही.

येथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी लाँग गलीतल्याच एका घराचे टिपण केले आणि वहीतल्या एका माणसाचा मोठ्या आत्मविश्वासाने अठरा वर्षे पाठपुरावा केला. लाँग गली ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलहून आलेल्या (कॉर्निश) खाणकऱ्यांची वस्ती होती आणि त्यांच्यात थॉमस, जेम्स, विल्यम्स ही आडनावे आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखी जागोजाग भेटतात. माझा माणूस प्रत्यक्षात दोन माणसे होता: एकाच नावाचे, एकाच गल्लीत राहणारे, आणि त्यांपैकी एक १८७० च्या दशकातच वारलेला. घरमालकांनी पाटी रंगवून घेतल्यावर दुसऱ्याच्या पणतीने हे लक्षात आणून दिले. तेव्हापासून केवळ नाव जुळले म्हणून मी पुढे जात नाही. नावाबरोबर व्यवसाय, पत्नीचे नाव किंवा शेजारी यांपैकी निदान एक गोष्ट जुळावी लागते.

ही जुळणी करायला व्हिक्टोरियातील मृत्यू दाखले फार उपयोगी पडतात. येथे नागरी नोंदणी जुलै १८५३ मध्ये सुरू झाली आणि दाखल्यात मृताच्या आईवडिलांची नावे, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे राहिला, विवाह कोठे व कोणाशी झाला आणि मुलांची नावे इतका तपशील मागितलेला असतो. मृत्युपत्र आणि वारसाहक्काचे कागद राज्याच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत मालमत्तेची यादी जोडलेली असली तर ‘रेसिडेन्स एरियावरील चार खोल्यांचे लाकडी घर’ अशा शब्दांत घरच समोर उभे राहते. जनगणनेवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण ऑस्ट्रेलियात आकडेवारी काढून झाल्यावर नावनिशीवार पत्रके नष्ट करण्याची रीत होती. या गल्लीतील पुरुषांच्या दाखल्यांत मृत्यूचे कारण म्हणून फुप्फुसाचा क्षय पुन्हा पुन्हा येईल. ते वाचून एकट्या त्या कुटुंबाची कहाणी रचू नये. गारगोटीच्या खडकात यंत्राने छिद्रे पाडताना उडणारी धूळ हे बेंडिगोचे घराघरातले दुखणे होते आणि १९०७ मध्ये डॉक्टर वॉल्टर समन्स यांनी येथील खाणींतील हवा आणि हा रोग यांवर सविस्तर अहवाल दिला होता.

जुन्या वर्तमानपत्रांचा शोध राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर फुकट घेता येतो आणि १८५३ मध्ये सुरू झालेल्या ‘बेंडिगो ॲडव्हर्टायझर’चे अंक तेथे आहेत. शोध घेताना एक गोष्ट विसरू नये: १८९१ पर्यंत या शहराचे अधिकृत नाव सँडहर्स्ट होते आणि त्या वर्षी लोकांनी मत देऊन बोलीतले ‘बेंडिगो’ परत आणले. १८९१ पूर्वीच्या बातम्या फक्त ‘बेंडिगो’ टाकून शोधल्या तर निम्म्या हाती लागत नाहीत. शिवाय ईगलहॉक १८६२ पासून स्वतंत्र नगरपालिका होती आणि १९९४ च्या एकत्रीकरणापर्यंत तशीच राहिली, त्यामुळे आपले घर हद्दीच्या जवळ असेल तर तिच्या वह्या वेगळ्या पाहाव्या लागतील. लिलावांच्या जाहिराती जरूर वाचाव्यात, कारण घरातल्या खोल्या, पाण्याची टाकी, फळझाडे यांची इतकी मोकळी यादी दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाही.

आता इमारतीकडे वळू. लाकडी घराचे वय छायाचित्रावरून सांगावे अशी अपेक्षा असेल तर ते मला जमणार नाही. पण रस्त्यावर उभे राहून एक गोष्ट आपणच पाहू शकता. शहराच्या मध्यभागाची आखणी रिचर्ड लॅरिट यांनी १८५४ च्या सुमारास सरळ रेषांत केली. लाँग गलीसारख्या वस्त्यांतली घरे मात्र ओढ्याच्या वळणाने आणि खाणीच्या वाटेने आधी उभी राहिली आणि रस्ते त्यांच्यामधून नंतर काढले गेले. आपले घर कुंपणाशी आणि रस्त्याशी तिरके उभे असेल, तर ते रस्त्याच्या आखणीआधीचे असू शकते. त्यानंतर माळ्यावर आणि तळाच्या तुळयांखाली विजेरी घेऊन पाहावे. चौकोनी कापाचे खिळे जुने आणि गोल तारेचे खिळे साधारण १८९० नंतरचे, असा ढोबळ आडाखा आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याने जुनेच खिळे सरळ करून पुन्हा ठोकलेलेही मी पाहिले आहेत, म्हणून एका खिळ्यावर निर्णय करू नये.

या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक वेळा किंतानाच्या असतात: चौकटीवर किंतान ताणून बारीक खिळ्यांनी मारायचे, त्यावर वर्तमानपत्र चिकटवायचे आणि वर नक्षीचा कागद. ईगलहॉकच्या एका स्वयंपाकघरात चुलीशेजारचा फाटलेला कोपरा आम्ही ओल्या फडक्याने हळूहळू सोडवला. सात थर निघाले. सर्वांत वर काजळी धरलेला पिवळा कागद होता, मग हिरवी वेलबुट्टी, मग तपकिरी पट्टे, आणि सर्वांत खाली पिठाच्या खळीने चिकटवलेले वर्तमानपत्राचे पान, ज्यावर खाणींच्या समभागांचे भाव आणि कोपऱ्यात महिना व साल शाबूत होते. मालकीणबाई ते घर १८५० च्या दशकातले मानत होत्या आणि पानावरचे साल त्याच्या तीस वर्षे पुढचे होते. मात्र तेवढ्यावरून घर त्या सालचे ठरत नाही. ती भिंत त्या सालाच्या आधी सजलेली नव्हती एवढेच त्यातून कळते, आणि पुढे तपासणीत ते स्वयंपाकघर मागाहून जोडलेले निघाले. पुढच्या दोन खोल्या खरोखरच जुन्या होत्या. बेंडिगोत ‘घराचे साल’ हा शब्दप्रयोग मला अवघड वाटतो तो यामुळेच: पुढच्या दोन खोल्या एका काळातल्या, मागची उतरती पडवी दुसऱ्या काळातली आणि ओसरीची लोखंडी जाळी तिसऱ्या काळातली असते. खाण बंद पडली की लाकडी घर सुटे करून गाडीवरून दुसऱ्या खाणीजवळ नेण्याची पद्धतही होती, तेव्हा घर जागेपेक्षा जुने निघण्याचीही शक्यता सोडून देता येत नाही. भिंती उचकटण्याआधी रंगात शिसे आहे का याची तपासणी मात्र करून घ्यावी.

परसातल्या तुकड्यांबद्दल मला सावध राहावेसे वाटते. आपल्या भाषेत या भांड्यांना चिनी मातीची म्हणतात, एवढ्यावरून ती चीनमधून आली असे होत नाही. निळ्या झाडाची, पुलाची आणि पक्ष्यांची नक्षी असलेल्या बशा इंग्लंडच्या कारखान्यांत ठशाने छापून जगभर विकल्या गेल्या आणि कॉर्निश बायकांच्या फडताळात त्याच असत. आपल्या तुकड्यांवरची नक्षी एकसारख्या बारीक ठिपक्यांची आणि रेघांची असेल तर ते बहुधा इंग्रजी छापील काम आहे. कुंचल्याचा फटकारा दिसत असेल, किंवा तपकिरी झिलईच्या जाड बरणीचे तुकडे असतील, तर चिनी असण्याची शक्यता वाढते. तशा बरण्याही शेजारच्या चिनी दुकानातून कोणीही विकत घेई.

याचा अर्थ शेजारच्या आजोबांचे म्हणणे टाकून द्यावे असा नाही. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताच्या सी-यूप जिल्ह्यांतून आलेले हजारो लोक या गावाला ‘दाइ गुम सान’, म्हणजे सोन्याचा मोठा डोंगर, म्हणत. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला, तेव्हा ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर चालत येथे आले. एमू पॉइंटचे लाल रंगाचे देवालय आजही उभे आहे, नॉर्थ बेंडिगोत चिनी पद्धतीच्या वीटभट्टीचे अवशेष उत्खननात सापडले, आणि इस्टरच्या मिरवणुकीत १८९२ पासून नाचलेला ‘लूंग’ हा ड्रॅगन आता ब्रिज स्ट्रीटच्या गोल्डन ड्रॅगन संग्रहालयात विसावला आहे. पण वसती शहरात होती म्हणजे आपल्या परसात होती असे म्हणता येत नाही. वहीत शोधताना ‘आह’ने सुरू होणारी नावे दिसतील. ‘आह’ हे आडनाव नसून आपल्या ‘अरे गण्या’मधल्या हाकेच्या जवळ जाणारे संबोधन आहे, जे इंग्रज कारकुनांनी नाव म्हणून लिहून घेतले. त्यामुळे एकाच माणसाची तीन नावे आणि तीन माणसांचे एकच नाव, दोन्ही भेटते.

विटांचा गोल काठ हा बहुधा सोन्याच्या खाणीचा शाफ्ट, म्हणजे खाली जाणारा उभा खड्डा, नसून पाण्याच्या टाकीचा किंवा विहिरीचा असावा, असा माझा अंदाज आहे. कोलिबन नदीचे पाणी कालव्याने या शहरात १८७७ मध्ये पोचले. त्याआधी छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या विटांच्या टाकीत साठवणे हाच बऱ्याच घरांचा मार्ग होता. तरीही लाँग गलीत अंदाजावर पाऊल टाकू नये. जुने शाफ्ट लाकूड आणि माती टाकून बुजवलेले असतात आणि ते लाकूड कुजले की जमीन खचते. राज्य सरकारच्या भूविज्ञान नकाशावर, ज्याचे नाव ‘जिओव्हिक’ आहे, नोंदलेले शाफ्ट दिसतात. तो आधी पाहावा.

आणि तुकडे मिळतात म्हणून मुद्दाम खणत जाऊ नये. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय अवशेषांना व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या वारसा कायद्याचे संरक्षण आहे आणि खासगी परसही त्यातून सुटत नाही. खाणींच्या कुटलेल्या वाळूत आर्सेनिक असते, म्हणून येथील मातीत भाजी लावण्यापूर्वी ती तपासून घेणे बरे. घर स्थानिक ‘हेरिटेज ओव्हरले’त, म्हणजे वारसा म्हणून जपायच्या भागात, येते का हे नगरपालिकेच्या नियोजन नकाशावर कळेल, येत असेल तर फाटकावर पाटी ठोकण्याआधीही तेथे एकदा विचारावे.

राहिला पाटीचा मजकूर. १८५१ चे सोने पहिल्यांदा कोणाला दिसले याची चौकशी करायला १८९० मध्ये संसदेने समिती नेमली होती. साक्षीदार जिवंत होते, डझनभर दावेदार होते, आणि समितीने इतक्या काळानंतर हे ठरवणे जवळपास अशक्य असल्याचे लिहून दिले. तेव्हा आपल्यालाही हातात असेल तेवढेच लिहिता येईल. रेट बुकात १८७३ मध्ये पहिली खात्रीची नोंद मिळाली असे धरले, तर मी असा मजकूर सुचवेन: ‘जा जा वुरुंग भूमी. या जागेवर घर असल्याची सर्वांत जुनी नोंद १८७३ ची. जमीन १९११ पर्यंत सरकारी, खाणकऱ्याच्या राहण्याच्या हक्काखाली.’ खाली रहिवाशांची नावे, जितकी दुहेरी जुळली असतील तितकीच. पहिल्या ओळीबद्दल कोणी विचारले तर सांगावे की मेंढीवाले आणि खाणकरी यांच्या आधी हा मुलुख जा जा वुरुंग लोकांचा होता आणि २०१३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी केलेल्या करारात तो त्यांचा असल्याचे मान्य केले आहे. चिनी वस्तीचा उल्लेख वहीत नाव सापडेपर्यंत थांबवावा, पण आजोबांचे बोलणे आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवावे, कारण त्यांना हे कोणी सांगितले आणि केव्हा, हा प्रश्न नंतर विचारता येणार नाही.

पाटी पितळेची न करता रंगवलेली करावी, म्हणजे मधली ओळ बदलता येते. ग्रँटवरचे नाव पाहिलेत की व्यवसायासह येथे लिहावे. १९११ पासून मागे पहिली दहा वर्षे कशी चालायची ते आपण मिळून पाहू.